हा तक्ता कोणाच्या हातासाठी?

पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही हमरस्त्यावर संध्याकाळी उभे राहावे, पाठीला गिटारची काळी पिशवी लावून क्लासला निघालेली चार-दोन मुले तरी दिसतातच. पूर्वी मध्यमवर्गीय घरांतून पेटी आणि तबला शिकण्याची प्रथा होती. ती अजून टिकून आहे, पण तिच्या शेजारी गिटारने आपली सतरंजी अंथरली आहे. या मुलांच्या वहीत पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच एक झेरॉक्स कागद चिकटवला जातो. त्यावर छोट्या छोट्या जाळ्या छापलेल्या असतात. सहा उभ्या रेघा, चार-पाच आडव्या रेघा, त्यांवर काळे ठिपके आणि माथ्यावर कुठे शून्य तर कुठे फुली. उभ्या रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. आडव्या रेघा म्हणजे दांडीवरचे पडदे, ज्यांना ही मुले फ्रेट म्हणतात. ठिपका असेल तिथे बोट ठेवायचे, शून्य असेल ती तार मोकळी वाजवायची, फुली असेल ती गप्प ठेवायची. याला कॉर्डचा तक्ता म्हणतात.

माझी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये ड्रॉइंगे वाचण्यात गेली. त्यामुळे असा कागद दिसला की मला तो संगीताचा वाटण्याआधी ड्रॉइंगच वाटतो. आणि ड्रॉइंग म्हटले की नजर आपोआप उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे एक चौकट असते. भागाचे नाव काय, धातू कोणता, माप किती इकडे-तिकडे चालेल, ड्रॉइंग कोणी काढले, कोणी तपासले, हे सारे त्या चौकटीत लिहिलेले असते. ती चौकट कोरी असेल, तर चांगला कारागीर काम हातात घेत नाही. कॉर्डच्या तक्त्याला मात्र अशी चौकटच नसते. हा तक्ता कोणत्या हाताला धरून काढला आहे, हे त्यावर कुठेही लिहिलेले नसते.

हा तक्ता घरच्या साध्या संगणकावर वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रामने काढता येतो. तो तसा काढायला आपल्या मुलांनी शिकावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. तक्ते काही महाग नाहीत, बाजारात पुस्तके आहेत, फोनमध्ये तर हजारो तक्ते फुकट मिळतात. पण स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती कोरी चौकट भरावी लागते. हात कोणाचा, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. आणि आमच्या या औद्योगिक पट्ट्यात तो प्रश्न इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. ते का, हे सांगण्याआधी तक्ता कसा तयार होतो ते थोडक्यात पाहू.

संगीत कागदावर उतरवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या आणि पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांनी गवयांच्या गळ्यातली शेकडो गीते कागदावर आणली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. एवढ्या सुटसुटीत खुणांवर त्यांनी केवढा संसार उभा केला! त्यांच्या लेखनातून स्वर कोणता ते कळते. तो गळ्यातून काढायचा की सतारीवर, आणि कोणत्या बोटाने, हे त्यात नसते. दुसरी रीत नेमकी उलटी. सोळाव्या शतकात युरोपातले ल्यूट वाजवणारे लोक स्वराऐवजी बोटाची जागा लिहीत. गिटारचा तक्ता हा त्याच घराण्यातला. तो बोट कुठे ठेवायचे ते सांगतो आणि स्वर कोणता वाजला याबद्दल मौन पाळतो. म्हणूनच आमची मुले तक्ता पाठ करून वर्षभर गिटार वाजवतात आणि आपण कोणते स्वर वाजवतो हे त्यांना ठाऊक नसते.

या दोन रीतींच्या मध्ये पूल बांधायचा, तर थोडे अंकगणित लागते. ते चौथीच्या मुलालाही जमेल असे आहे. पेटीवरची पांढरी एक म्हणजे शून्य धरा. काळी एक म्हणजे १, पांढरी दोन म्हणजे २, असे मोजत गेले की पांढरी सातला ११ येतात आणि पुढच्या पांढरी एकला पुन्हा शून्य. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसेच हे. गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून क्रमाने पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लावतात. आपल्या आकड्यांत त्या झाल्या ४, ९, २, ७, ११ आणि ४. दांडीवर एक पडदा पुढे सरकले की आकडा एकने वाढतो. बेरीज बारा किंवा जास्त झाली, की बाराने भागून बाकी घ्यायची. गणित एवढेच.

आता कॉर्ड म्हणजे काय? एका वेळी वाजलेले ठरावीक स्वर. इंग्रजीत ज्याला सी मेजर म्हणतात, तो म्हणजे पांढरी एकला सा मानून एकत्र वाजवलेले सा, शुद्ध ग आणि प. आपल्या आकड्यांत ०, ४ आणि ७. वर्गात शिकवतात त्या तक्त्यात सर्वांत जाड तार गप्प असते. दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा दाबतात. नऊ अधिक तीन बारा, बाकी शून्य, म्हणजे सा. तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा. दोन अधिक दोन चार, म्हणजे ग. चौथी मोकळी, सात, म्हणजे प. पाचव्या तारेवर पहिला पडदा. अकरा अधिक एक बारा, पुन्हा सा. सहावी मोकळी, चार, ग. मुलाने एकदा हा हिशेब स्वतःच्या पेन्सिलीने केला, की तो ठिपका मुकाट्याने पाठ करण्याची गोष्ट राहत नाही.

संगणकाचे काम इथून सुरू होते, आणि ते काम निव्वळ हमालीचे आहे. मोकळी तार आणि पहिले चार पडदे एवढ्यापुरतेच बोलू. प्रत्येक तारेला सहा शक्यता: गप्प, मोकळी, किंवा चारांपैकी एक पडदा. तारा सहा. म्हणजे सहाचा सहावा घात, ४६,६५६ रचना. संगणकाला सांगायचे, की या साऱ्या रचना एकेक करून तपास. ज्यांत सा, ग, प हे तिन्ही आहेत आणि चौथा उपरा स्वर नाही, तेवढ्याच बाजूला काढ. तो पापणी लवते न लवते तोच ६३ रचना पुढे टाकतो. या त्रेसष्टांमध्ये पुष्कळ अशा असतात, की मधलीच एखादी तार गप्प ठेवून तिच्या दोन्ही बाजूंच्या तारा वाजवाव्या लागतात. नवशिक्याच्या हाताला ते अवघड. म्हणून आणखी एक अट घालू, वाजणाऱ्या तारा सलग हव्यात. उरल्या १७. त्यांतही सर्वांत खालचा स्वर सा हवा म्हटले, तर फक्त ४. वहीत चिकटवलेला तो प्रसिद्ध तक्ता या चारांपैकी एक आहे. शेहेचाळीस हजारांतून गाळत गाळत तो इथवर आला, हे तो मुलाला सांगत नाही.

निवड झाली की चित्र काढणे सोपे. सहा उभ्या रेघा ठरावीक अंतरावर, पाच आडव्या, आणि तारेच्या क्रमांकाला अंतराने गुणले की ठिपक्याची जागा मिळते. आमच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत ‘कोड’ हा शब्द संगणकशाळेच्या आधी सीएनसी यंत्राबरोबर आला. हत्यार कुठून कुठे न्यायचे हे आकड्यांत लिहून देणे, ही गोष्ट इथल्या ऑपरेटरांना नवी नाही. हातातली लेखणी बदलली तरी विद्या तीच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. या सगळ्या काळात इथली दोन-तीन पिढ्यांची भाकरी कागदावरच्या रेघांप्रमाणे धातू कापण्यावर चालली आहे. अशा घरातल्या मुलाला तक्ता नुसता चिकटवून देणे, हा मला त्याच्या घराण्याचा थोडा अपमानच वाटतो.

आता त्या कोऱ्या चौकटीकडे वळू. छापील तक्ता मनाशी एक हात धरून चालतो. तो हात प्रौढ माणसाचा असतो, डावा असतो आणि त्याला चारही बोटे धडधाकट असतात. आठ वर्षांच्या मुलीची बोटे तेवढी ताणत नाहीत. डावखुऱ्याला गिटार उलटी धरावी लागते आणि मग सारा तक्ता आरशात पाहून वाचावा लागतो. साठी उलटलेल्या, सांधे धरलेल्या माणसाला एकच बोट साऱ्या तारांवर आडवे दाबून धरणे जमत नाही. या सगळ्यांना वर्गात एकच उत्तर मिळते: सराव करा, जमेल. पुष्कळदा जमतेही. पण प्रोग्राममध्ये डावखुऱ्यासाठी तक्ता उलटवायचा तर एका ठिकाणी वजाबाकी करावी लागते, आणि लहान मुलीसाठी दोन ठिपक्यांमधले अंतर कमी ठेवायचे तर एक अट वाढवावी लागते. एका ओळीचे काम असताना त्या मुलीला आधी रडू कशाला द्यायचे?

आणि मग ज्यांची बोटेच गेली आहेत, ते लोक येतात. भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे, निघोजे या भागांत मोटारींचे सुटे भाग करणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स आहेत. पत्र्याला आकार देणारी पॉवर प्रेस हे त्यांतले कळीचे यंत्र. वरचा डाय खाली येतो, पत्रा दाबतो आणि वर जातो. त्या दोन क्षणांत हात आत राहिला, तर काय होते हे या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चहाच्या टपरीवर ग्लास धरणाऱ्या हातांकडे कधी नीट पाहा. वाहन उद्योगातल्या अशा इजांवर ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवालांची मालिकाच प्रसिद्ध केली. हरियाणातल्या कामगारांपासून सुरू झालेल्या त्या अहवालांत हाताची बोटे आणि पॉवर प्रेस ही जोडी पुन्हा पुन्हा येते.

बोटांचा एक तक्ता कायद्यानेही केला आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला असता कमाईची शक्ती किती टक्के कमी झाली असे धरायचे, याची यादी दिली होती. अंगठ्याला ३०, पूर्ण तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला प्रत्येकी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २०. भरपाईचा हिशेब करायला काहीतरी आकडा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सात टक्के म्हणून मोजलेली करंगळी गिटारवर फार मोलाची असते. सर्वांत दूरच्या पडद्यापर्यंत तीच पोचते. कायदा कमाई मोजतो. गुरुवारच्या सुट्टीच्या दिवशी त्या हाताने काय करायचे ठरवले होते, ते मोजण्याचे काम त्याचे नाही.

ही गोष्ट फक्त आमच्याकडची नाही. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधले मोटारींचे आणि धातुकामाचे शहर, म्हणजे त्यांचे पिंपरी-चिंचवडच म्हणा. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा काम करत होता. त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. नेहमी प्रेसवर बसणारी व्यक्ती आली नव्हती म्हणून त्याला तिथे बसवले, आणि यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोके नेली. पोरगा डावखुरा होता, त्यामुळे गिटारच्या तारा तो याच हाताने दाबत असे. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने सारे युरोप वेडे केले होते. ते ऐकून आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, हलक्या तारा लावल्या आणि वाजवू लागला. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. कानठळ्या बसवणारे ते संगीत आमच्या पिढीच्या पचनी पडणे कठीण, पण त्या माणसाने काय केले ते पाहण्यासारखे आहे.

तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेतल्या काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. आपल्या हिशेबात सहाही आकड्यांतून तीन वजा. कॉर्डमधला ग सोडून नुसते सा आणि प वाजवण्यावर त्याने भर दिला. आपल्याकडच्या श्रोत्याला याचे नवल वाटायला नको. मिरजेचा तानपुरा मांडीवर घेऊन आपले गवई सा आणि प यांच्याच छायेत तास-तासभर बसतात. आयोमीजवळ संगणक नव्हता. बोटे ठेचकाळत, चाचपडत त्याने स्वतःच्या हाताचा तक्ता शोधून काढला.

आमच्या ओळखीत चाकणकडचा एक तरुण आहे. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी त्याने कामावर गमावली. त्याला गिटारची हौस आधीपासून होती. एका क्लासमध्ये चौकशी केली, तर ‘तुम्ही दुसरे काहीतरी वाद्य पाहा’ असे त्याला सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. त्याच्या हातातला तक्ताच चार बोटांचा होता. माझी भाची अभियांत्रिकीला आहे. तिने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: दाबायच्या जागा दोनपेक्षा जास्त नकोत. सी कॉर्डच्या त्या सतरा रचनांतून पाच उरल्या, आणि त्यांतली एक तर एका बोटाची निघाली. शेवटच्या तीन तारा वाजवायच्या, पाचव्या तारेवर पहिला पडदा दाबायचा, झाले. जी या कॉर्डलाही शेवटच्या चार तारांवर एका बोटाची रचना मिळाली.

डी या कॉर्डला मात्र दोनच रचना आल्या आणि दोन्ही जाड तारांवरच्या. गणिताने त्या अचूक होत्या. वाजवल्या तेव्हा आवाज घशात अडकल्यासारखा घोगरा येऊ लागला. तरुणानेच मग तर्जनी तीन तारांवर आडवी ठेवून पाहिली, मधल्या बोटाने चौथी जागा धरली आणि नेहमीचा स्वच्छ डी वाजला. एक बोट एकाच पडद्यावर शेजारच्या तीन तारा दाबू शकते, हे आम्ही संगणकाला सांगितलेच नव्हते. ते सांगितले आणि तक्ता सुधारला. जी, सी आणि डी या तीन कॉर्डांवर शेकडो सोपी गाणी वाजवता येतात. तो आता ती वाजवतो. मोठा वादक होईल की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. तो हौशी आहे, आणि हौस पुरी करण्याचा हक्क त्याला इतरांइतकाच आहे.

यावर काही शंका घेतल्या जातील, त्या रास्तही आहेत. संगीत हे गुरुमुखातून यायचे, त्यात यंत्राची लुडबूड कशाला, असे कोणी म्हणेल. पण वरच्या हकिगतीत निवाडा कानाने आणि हातानेच केला, संगणकाने फक्त कचरा वेचून दिला. एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या पाच रचनांपैकी चारांत सर्वांत खालचा स्वर सा नाही, ग किंवा प आहे. त्यामुळे त्या किंचित हलक्या, अधांतरी वाटतात. शेजारी कोणी पेटीवर सा धरला तर ते जाणवत नाही. प्रत्येक सोयीची अशी काही किंमत असते, आणि ती शिकणाऱ्याला आधी सांगितलेली बरी.

दुसरी शंका अधिक आजची. तयार ॲप आहे, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला तोंडी सांगितले तर ती सारा प्रोग्राम लिहून देते. मग मुलांनी डोके कशाला शिणवायचे? माझे म्हणणे असे, की यंत्राला विचारायचे काय, हे तरी आपल्याला ठाऊक हवे. ‘सी कॉर्डचा तक्ता दे’ असे विचारणाऱ्याला तो ठरलेला चार बोटांचा तक्ताच मिळतो. ‘दोन बोटांचा दे’ असे विचारायचे, तर तक्त्याला अटी असतात आणि त्या बदलता येतात हे आधी कळलेले असावे लागते. ते कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकदा स्वतः त्या अटी लिहून पाहणे. टूलरूममध्ये आम्ही उमेदवारांना पहिले काही महिने हाताने कानस घासायला लावत असू. पुढे आयुष्यभर त्यांना यंत्रावरच काम करायचे असे, तरीही.

तिसरी शंका माझी मलाच आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. बोटे गमावलेल्या कामगाराच्या हातात गिटार दिली, की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि मूळ गोष्ट विसरली जाते. ती विसरता कामा नये. प्रेसवर हात वाचवायचे उपाय जुने आहेत आणि ते कोणालाही नवे शोधायचे नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय डाय खाली येणार नाही अशी जोडणी करता येते. हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा बसवता येतो. साधे जाळीचे गार्ड तर फारच स्वस्त. उत्पादन वाढावे म्हणून दोनपैकी एक बटण पाचर ठोकून कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे. नवा, कंत्राटी, कालच गावाहून आलेला मुलगा अशा यंत्रावर बसवला जातो. आयोमीलाही त्या दिवशी दुसऱ्याच्या जागीच बसवले होते. तो पुढे जगप्रसिद्ध झाला म्हणून त्या प्रेसला माफी मिळत नाही.

दोन बटणांची ती जोडणी म्हणजेही शेवटी एक लिहिलेली अटच आहे: दोन्ही हात बाहेर असतील तरच पुढचे पाऊल. यंत्राची रचना करणाऱ्याने कामगाराच्या हाताचा विचार आधी केला आणि तो तारांच्या जोडणीत उतरवला. कॉर्डच्या तक्त्यात मुलाने हाताची अट आधी लिहिली, तर तो छोट्या प्रमाणावर तेच शिकतो. आमच्या पट्ट्यातली पुष्कळ मुले पुढे इंजिनिअर होतील, यंत्रांची आखणी करतील, कारखान्यात दुसऱ्यांना यंत्रावर बसवतील. नियम लिहिताना समोरचा हात कोणाचा आहे हे विचारण्याची सवय त्यांना सोळाव्या वर्षी लागली, तर तिचा उपयोग गिटारपुरता राहणार नाही.

म्हणून दोन सूचना करतो. आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोग्रामिंगच्या पहिल्या सत्रात त्याच त्या पगारपत्रकाच्या आणि मूळसंख्यांच्या उदाहरणांबरोबर हे एक उदाहरण ठेवावे. बाराने भागून बाकी घेणे, एकात एक सहा फेऱ्या, अटींची चाळणी, शेवटी चित्र, असा सगळा पहिला अभ्यासक्रम त्यात येतो, आणि निकाल कानाने तपासता येतो. दुसरी सूचना गिटारच्या क्लासना. प्रवेशअर्जावर नाव, वय आणि फीच्या रकान्याबरोबर आणखी एक रकाना असू द्यावा: हात कोणता, आणि बोटे किती चालतात. तो भरून घेतल्यावरच वहीत तक्ता चिकटवावा.